जुन्या डच छायाचित्रांतला चर्चचा मनोरा कसा वाचावा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत नेदरलँड्समध्ये गावोगावची चित्र-पोस्टकार्डे छापली जात आणि ती बहुधा गावातल्याच एखाद्या दुकानात विकायला ठेवलेली असत. त्यांतली पाच-पन्नास एकापाठोपाठ एक पाहिली, की त्यांचा साचा लगेच ध्यानात येतो. विटांनी बांधलेला रस्ता, दोन्ही अंगांना बुटकी कौलारू घरे, कॅमेरा आला म्हणून लाकडी बूट घालून रांगेत ताटकळलेली मुले आणि रस्ता जिथे संपतो तिथे सगळ्यांच्या डोक्यांवरून वर गेलेला चर्चचा मनोरा. मागे आभाळ अगदी कोरे. असे चित्र पाहताना सहज वाटून जाते, की हे गाव देवाच्या नजरेखाली नांदत होते आणि मनोरा ही त्याच्या श्रद्धेची उभी खूण होती.

हा अर्थ सरसकट चुकीचा नाही, पण तो फार घाईने काढलेला आहे. त्या मनोऱ्याला जे आध्यात्मिक तेज चढलेले दिसते, त्यातला काही भाग तिथल्या भूगोलाचा आहे, काही भाग छायाचित्राच्या तंत्राचा आहे, आणि जो भाग खरोखर धर्माचा आहे तो एकसंध श्रद्धेपेक्षा दीर्घ धर्मकलहाचा अधिक आहे. माझ्या मते ही छायाचित्रे वाचण्यातली खरी गंमत या तिसऱ्या भागात आहे. तरी पहिले दोन आधी उरकून घेतलेले बरे.

नेदरलँड्सचा पश्चिम आणि उत्तर भाग इतका सपाट आहे, की तिथे उंचीला डोंगर-टेकड्यांची स्पर्धाच नाही. हवा स्वच्छ असेल आणि वाटेत आडोसा नसेल, तर चाळीस मीटर उंचीच्या मनोऱ्याचे टोक जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला हिशेबाने सुमारे २७ किलोमीटरवरून दिसू शकते. त्यामुळे बांधावरून चालणाऱ्या शेतकऱ्याला आणि किनाऱ्याकडे परतणाऱ्या कोळ्याला गाव म्हणून आधी मनोराच दिसत असे, आणि घरे फार उशिरा. छायाचित्रकाराला मुळातच आडव्या रेषांनी भरलेल्या प्रदेशात एकुलती एक उभी रेषा मिळे. ती त्याने चौकटीत पकडली नसती, तरच नवल होते.

कोरे आभाळ ही मात्र निव्वळ रसायनशास्त्राची करामत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटवरचा लेप निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असे, आणि तांबड्या प्रकाशाचा त्याच्यावर जवळजवळ परिणामच होत नसे. पुढे हिरव्या-पिवळ्या रंगांना दाद देणाऱ्या प्लेट आल्या, तरी तांबड्या रंगाबाबत बराच काळ तेच रडगाणे राहिले. परिणामी निळे आभाळ प्लेटवर अतिरेकी उजळ उमटे आणि ढग त्यात विरून जात, तर तांबड्या विटांचा मनोरा प्रत्यक्षात होता त्याहून कितीतरी गडद येई. पांढऱ्या रिकामेपणासमोर उभी असलेली ती काळी आकृती आज आपल्याला गूढ वाटते. ती घेणाऱ्याला बहुधा आभाळ बिघडल्याची चुटपुट लागली असेल, कारण दुसऱ्या प्लेटवरचे ढग आणून छापतेवेळी जोडण्याची युक्ती त्या काळच्या छायाचित्रकारांत चांगलीच रुळलेली होती.

आणखी एक तांत्रिक बाब पाहून पुढे जाऊ. आजच्या मोबाइलने उंच इमारतीचे चित्र घेतले, की ती मागे कलल्यासारखी दिसते, कारण टोक चौकटीत आणण्यासाठी आपण मोबाइलच वर रोखतो. तिपाईवरच्या जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात भिंग तेवढे वर सरकवता येई आणि प्लेट जमिनीशी काटकोनात उभीच ठेवता येई. म्हणून जुन्या चित्रांतले मनोरे पायथ्यापासून टोकापर्यंत ताठ दिसतात. तो ताठपणा पाहून श्रद्धेच्या दृढतेबद्दल लिहिणाऱ्यांनी या सोयीची आठवण ठेवायला हवी.

आता धर्माकडे वळू. आपल्याकडे देवळाच्या कळसाला लांबूनच हात जोडण्याची रीत आहे आणि नकळत तीच नजर घेऊन आपण या मनोऱ्यांकडे पाहतो. मात्र सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उत्तरेकडच्या प्रांतांत ज्या कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंट मताचे वर्चस्व प्रस्थापित झाले, त्या मतानुसार दगडविटांच्या वास्तूला स्वतःचे असे पावित्र्य नसते. देवाचे वचन ऐकायला मंडळी जमते, म्हणून त्या जागेला महत्त्व. मंडळी उठून गेली, की उरते ती इमारत. १५६६ साली मूर्तिभंजनाची जी लाट आली, तिच्यात असंख्य चर्चमधल्या मूर्ती आणि वेद्या फोडल्या गेल्या आणि पुढच्या काही दशकांत जुनी कॅथलिक चर्चे प्रॉटेस्टंटांच्या हाती गेली. भिंतींवरच्या चित्रांवर चुना फिरला. मनोरे मात्र शाबूत राहिले, कारण घंटा आणि घड्याळ सर्वांनाच हवे होते. म्हणजे पोस्टकार्डावर एखाद्या प्रॉटेस्टंट गावाचे प्रतीक म्हणून मिरवणारा मनोरा पुष्कळदा मध्ययुगीन कॅथलिकांनी संताच्या नावाने उभारलेला असतो, आणि त्याच्या सावलीत राहणाऱ्यांनी त्या संताला केव्हाच रजा दिलेली असते.

याहून अनपेक्षित गोष्ट मालकीची आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वाऱ्यावर नेदरलँड्समध्ये स्थापन झालेल्या बटावियन प्रजासत्ताकाने १७९८ साली जी राज्यघटना स्वीकारली, तिने धर्मसंस्था आणि राज्य यांची फारकत केली आणि चर्चला जोडलेले मनोरे व त्यांतील घंटा गावच्या नागरी पालिकेच्या मालकीच्या असल्याचे जाहीर केले. आग लागली, बांध फुटला, शत्रू आला तर घंटा वाजणार ती साऱ्या गावासाठी, तेव्हा ती एका पंथाच्या ताब्यात का असावी, असा हा रोकडा विचार होता. त्यामुळे कित्येक गावांत चर्चचे सभागृह मंडळीचे आणि त्याला भिंतीने चिकटलेला मनोरा पालिकेचा, अशी विचित्र वाटणी झाली आणि अनेक ठिकाणी ती आजतागायत टिकून आहे. १९०० सालच्या छायाचित्रात आपण ज्याला श्रद्धेचे प्रतीक म्हणतो, ते कागदोपत्री बऱ्याचदा सरकारी बांधकाम असते.

ज्यांना मनोरा लाभलाच नाही, त्यांचीही चित्रे याच जोडीने पाहावी लागतात. डच प्रजासत्ताकाच्या काळात कॅथलिकांना उघड उपासनेची बंदी होती. ते घरांच्या माळ्यांवर किंवा शेतातल्या कोठारांत प्रार्थनेला जमत. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १६६३ साली एका व्यापाऱ्याच्या घराच्या वरच्या मजल्यांवर तयार झालेले असे गुप्त चर्च आज संग्रहालय म्हणून पाहता येते. मेनोनाइट या प्रॉटेस्टंटांतल्याच एका छोट्या पंथाला उपासनेची मोकळीक होती, पण त्याची प्रार्थनागृहे रस्त्यावरून चर्चसारखी दिसता कामा नयेत, अशी अपेक्षा असे. अधिकाऱ्यांना याची कुणकुण नव्हती असे मुळीच नाही. रस्त्यावरून दिसत नाही तोवर डोळेझाक करायची, असा तो व्यवहार होता. अशा समाजात मनोरा असणे म्हणजे दिसण्याचा हक्क असणे.

हा हक्क कॅथलिकांना टप्प्याटप्प्याने मिळाला. १८४८ च्या राज्यघटनेने धर्मसंस्थांना आपला कारभार मुक्तपणे चालवण्याची मुभा दिली आणि १८५३ मध्ये रोमने नेदरलँड्समधली बिशपांची व्यवस्था पुन्हा उभी केली. प्रॉटेस्टंटांनी त्यावर इतके काहूर उठवले, की तत्कालीन मंत्रिमंडळाला पायउतार व्हावे लागले. त्यानंतरच्या काही दशकांत दक्षिणेकडच्या ब्राबांट आणि लिम्बर्गमध्ये, आणि उत्तरेतही जिथे कॅथलिक वस्ती होती तिथे, नव-गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन चर्चांचे वळण गिरवणाऱ्या, शैलीतल्या नव्या चर्चांचा धडाका सुरू झाला. या शैलीचा अग्रणी वास्तुविशारद पियेर कौपर्स (१८२७–१९२१) हाच अ‍ॅमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम आणि तिथले मुख्य रेल्वे स्थानक यांचाही कर्ता. चार-पाचशे घरांच्या धर्मग्रामाने शहराला शोभेल असा मनोरा का बांधावा, हा प्रश्न ब्राबांटमधली छायाचित्रे पाहताना पडतो. दोनशे वर्षे कोठारात प्रार्थना केलेल्या लोकांची ती भरपाई होती, असे मला वाटते. आध्यात्मिक आकांक्षेइतकाच त्यात ‘आम्ही इथे आहोत’ हे ठणकावून सांगण्याचा भाग होता.

भिंगाखाली धरता येईल असे स्पष्ट पोस्टकार्ड हाती लागले, तर मनोऱ्याच्या अगदी टोकाकडे पाहावे. टोकावर क्रूस आणि त्याच्याही वर पत्र्याचा, बहुधा सोनेरी मुलामा दिलेला, वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा असेल, तर चर्च कॅथलिक असण्याची शक्यता दाट. नुसताच कोंबडा असेल तर बहुतेक प्रॉटेस्टंट. कोंबडा दोघांनाही चालतो, कारण पहाट होण्यापूर्वी जागे करणारा आणि पीटरने येशूला नाकारल्याची आठवण देणारा पक्षी बायबलमध्येच आहे. हंस दिसला तर ते ल्यूथरपंथीयांचे चर्च. डच ल्यूथरपंथीयांनी हंस हे आपले चिन्ह मानले होते. नंतर पडताळून पाहावी ती मनोऱ्याची घडण. जाडजूड, जवळजवळ खिडक्या नसलेला, घरासारखे दोन उतारांचे छप्पर ल्यालेला मनोरा दिसला, तर चित्र उत्तरेकडच्या फ्रीसलंड-ग्रोनिंगन भागातले असण्याचा संभव अधिक. तिथली जुनी गावे समुद्राच्या पाण्यापासून वाचण्यासाठी हातांनी रचलेल्या मातीच्या उंचवट्यांवर वसलेली असून चर्च त्याच उंचवट्याच्या माथ्यावर असते. त्याच फ्रीसलंडमध्ये ज्या गावांना मनोरा परवडला नाही, त्यांनी दफनभूमीत लाकडी खांबांचा सांगाडा उभारून घंटा त्यात टांगली. अशा चित्रात मनोरा नाही म्हणून श्रद्धा कमी, असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. छतावर जेमतेम एक बुटका तुरा असलेली साधी विटांची प्रार्थनागृहे अनेकदा १८३४ आणि १८८६ मध्ये अधिकृत प्रॉटेस्टंट चर्चमधून फुटून निघालेल्या मंडळ्यांची असतात. त्यांच्या दृष्टीने आपणच अधिक कडक आणि अधिक सच्चे होतो.

छायाचित्राला आवाज पकडता येत नाही, ही या विषयातली मोठीच उणीव आहे, कारण गावकऱ्यांसाठी मनोरा पाहण्याइतकाच ऐकण्याचा होता. कॅथलिक गावात सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन वेळा प्रार्थनेची घंटा होई. प्रॉटेस्टंट गावातही उपासनेची, मृत्यूची आणि संकटाची घंटा वेगवेगळ्या रीतीने वाजे आणि ती ऐकून काय झाले ते लोकांना कळे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी १९४२ च्या अखेरीपासून धातूसाठी हजारो घंटा उतरवून नेल्या. ऐतिहासिक मोलाच्या काही घंटांवर ‘एम’ हे अक्षर रंगवून त्या वगळण्यात आल्या होत्या. रस्त्यावर उतरवून ठेवलेल्या घंटांभोवती गोळा झालेले गावकरी, अशी त्या काळातली छायाचित्रे पुष्कळ आहेत, आणि माझ्या पाहण्यात मनोऱ्याचे गावाच्या मनातले स्थान ती जितके दाखवतात तितके कुठलेच देखणे पोस्टकार्ड दाखवत नाही. घंटांनी गोळीबार करणारा युद्ध जिंकत नाही, अशा अर्थाचे यमक तेव्हा डच लोकांच्या तोंडी होते.

मनोऱ्याचा आणखी एक उपयोग आपल्या शाळेतल्या विज्ञानाशी जोडलेला आहे. प्रकाशाच्या अपवर्तनाचा नियम ज्याच्या नावाने आपण शिकतो, त्या विलेब्रॉर्ड स्नेलने १६१५ पासून आल्कमार ते बेर्गन ऑप झूम या दोन गावांमधले अंतर त्रिकोणांची साखळी जोडून मोजले, आणि त्या त्रिकोणांचे शिरोबिंदू होते चर्चचे मनोरे. त्यावरून अक्षांशाच्या एका अंशाची लांबी त्याने सुमारे १०७ किलोमीटर काढली. खरी लांबी १११ किलोमीटरच्या आसपास आहे. भारतातल्या महासर्वेक्षणाला गंगेच्या मैदानात याच कामासाठी मुद्दाम मनोरे बांधावे लागले. डचांना ते आयते मिळाले. पुढे त्यांच्या राष्ट्रीय नकाशाचा मध्यबिंदूही आमर्सफोर्ट गावच्या मारियामातेच्या चर्चचा ९८ मीटर उंचीचा मनोराच ठरला. त्या मनोऱ्याचे चर्च १७८७ साली आत साठवलेल्या दारूगोळ्याच्या स्फोटात उडाले होते, तेव्हा देशाचा नकाशा ज्या ‘चर्च’वर टेकलेला आहे, ते चर्चच जागेवर नाही.

चर्चविना उरलेला मनोरा हा विषय ब्राबांटमधल्या न्यूनेन गावात सर्वांत टोकदार होतो. १६४८ नंतर इथे कॅथलिक बहुसंख्य असूनही मध्ययुगीन चर्च प्रॉटेस्टंटांच्या हाती गेले. पुढे त्याचे सभागृह पडले आणि शेतांच्या मधोमध, दफनभूमीच्या कडेला, जुना मनोरा तेवढा राहिला. गावातल्या चिमूटभर प्रॉटेस्टंटांसाठी आठ कोनांचे एक छोटे चर्च बांधले गेले, आणि त्या मंडळीचे पाळक होते चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचे वडील. मार्च १८८५ मध्ये ते वारले आणि त्यांना जुन्या मनोऱ्याजवळच मूठमाती देण्यात आली. त्याच वर्षी मनोरा पाडायला घेतला गेला. टोक आधीच उतरवलेले होते. व्हिन्सेंटने तो त्या अवस्थेत रंगवला, आणि भावाला लिहिलेल्या पत्रात आपला हेतू सांगितला. शतकानुशतके इथले शेतकरी ज्या मातीत राबले, त्याच मातीत पुरले गेले. भक्कम पायावर उभी असलेली धर्मश्रद्धा ढासळली, पण शेतकऱ्याचे जगणे-मरणे गवतासारखे उगवत आणि सुकत राहिले, असे त्याला दाखवायचे होते. पाळकाच्या मुलाने, वडिलांच्या थडग्याशेजारी उभे राहून, मनोऱ्याला श्रद्धेच्या पडझडीचे चिन्ह केले, ही गोष्ट पोस्टकार्डांतल्या गोड वाचनाला मोठाच धक्का देणारी आहे.

उलट, मनोऱ्याला अगदी शब्दशः आध्यात्मिक अर्थ देणाराही एक डच चित्रकार होता. पीट मोंद्रियानने १९०८ ते १९११ या काळात झीलंडच्या किनाऱ्यावरच्या डोम्बुर्ग, झाउतलांडे आणि वेस्टकापेल्ले इथले मनोरे पुन्हापुन्हा रंगवले. १९०९ मध्ये तो थिऑसॉफिकल सोसायटी या गूढ-अध्यात्मवादी संस्थेचा सदस्य झाला होता. (या संस्थेचे मुख्यालय चेन्नईतल्या अड्यारला जाण्यापूर्वी १८७९ ते १८८२ या काळात मुंबईत होते.) उभी रेषा म्हणजे आत्मतत्त्व आणि आडवी रेषा म्हणजे जडतत्त्व, असे त्याने आपल्या टिपणवह्यांत मांडले आणि पुढे त्याची चित्रे निव्वळ उभ्या-आडव्या रेषांवर येऊन ठेपली. मात्र वेस्टकापेल्लेचा जो मनोरा त्याने असा ध्यानस्थ होऊन रंगवला, तो तेव्हा चर्चचा राहिलाच नव्हता. १८१८ पासून त्याच्या माथ्यावर जहाजांसाठी दिवा होता आणि शेजारचे चर्च १८३१ च्या आगीत गेले होते. चित्रकाराने पाहिलेले अध्यात्म एका दीपगृहात होते.

याच झीलंडमध्ये स्खाउवेन बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर एक बोथट मनोरा एकटाच उभा आहे. कौदेकेर्के हे त्याचे गाव समुद्राच्या माऱ्यापुढे सोडून द्यावे लागले आणि मनोरा तेवढा खलाशांची खूण म्हणून राखला गेला. कोळ्यांनी जलपरी पकडली, तेव्हा तिच्या नवऱ्याने वेस्टनस्खाउवेन गाव बुडेल आणि मनोराच उरेल असा शाप दिला, अशी दंतकथा याच मनोऱ्याशी जोडतात. प्रत्यक्षात तो शापित गावाचा नव्हे, तर शेजारच्या गावाचा आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री बांध फुटून नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे गेली, तेव्हा विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांत छपरांच्या रांगा आणि त्यांच्यातून वर आलेले मनोरे दिसतात. त्या चित्रांतला मनोरा पाहताना ‘प्रतीक’ हा शब्द मला अपुरा वाटतो. कोणते गाव कुठे आहे, हे ओळखण्याचे ते साधन होते. त्याआधी १९४४ च्या शरदात मास नदीकाठून मागे हटणाऱ्या जर्मन सैन्याने कित्येक मनोरे सुरुंग लावून उडवले, आणि त्यामागेही धर्मद्वेष नव्हता. दोस्तांना टेहळणीला उंच जागा मिळू नये, एवढाच हिशेब होता.

नेदरलँड्समध्ये २०१७ पासून निम्म्याहून अधिक प्रौढ कोणत्याही धर्माशी स्वतःला जोडत नाहीत. चर्चची सभागृहे विकली जातात, त्यांत घरे, सभागारे, दुकाने येतात. १७९८ मधल्या त्या वाटणीमुळे मनोऱ्याचे तसे होत नाही. तो जिथे पालिकेकडे आहे, तिथे त्याचा चुना, कौले आणि घड्याळाचे काटे यांचा खर्च कराच्या पैशांतून होतो, आणि तो कर भरणाऱ्यांत चर्चची पायरी कधीही न चढलेले लोकही असतात. जुन्या पोस्टकार्डाच्या जागी उभे राहून आज तेच चित्र घेतले, तर मनोरा पुष्कळदा जसाच्या तसा मिळतो. खाली दाराशी मात्र आता काय लिहिले आहे, ते जवळ जाऊन वाचावे लागते.